कोरोनाची लस आणि विदर्भातील गावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका आडगावच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षक आहे. २०२१ मध्ये शाळा बंद असताना आम्हा शिक्षकांकडे घरोघरच्या सर्वेक्षणाचे आणि लसीकरणाच्या नोंदींचे काम होते. त्यामुळे आमच्या गावातील आणि शेजारच्या कोलाम पोडावरील (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती) जवळजवळ प्रत्येक उंबरठ्यावर मी त्या काळात उभा राहिलो आहे. समाजकार्य आणि नर्सिंग शिकणारी मुले, नव्याने लागलेल्या आशाताई आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणारे गावचे तरुण तेव्हापासून मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवत आले आहेत. ते प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तेथील क्रमांक दिला आहे.

१. लस गावात कधी आली आणि आधी कोणाला मिळाली?

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. पहिल्या टप्प्यात डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका असे आरोग्याचे काम करणारे लोक होते आणि फेब्रुवारीत पोलीस, महसूल, सफाई कर्मचारी आले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ठरावीक आजार असलेल्या ४५ ते ५९ वयाच्या लोकांना, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. शेवटच्या टप्प्याची घोषणा झाली तरी लस हातात पडायला वेळ लागला. त्याविषयी प्रश्न ९ पाहा. १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले.

२. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन यांत फरक काय? गावात निवड करता येत होती का?

कोविशिल्ड ही ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अॅस्ट्राझेनेका यांनी तयार केलेली लस असून तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले. तिच्यात चिंपांझीत आढळणारा सर्दीचा एक विषाणू निरुपद्रवी करून वाहक म्हणून वापरलेला आहे. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने तयार केली आणि तिच्यात मारलेला कोरोना विषाणूच असतो. दोन्ही लशी २ ते ८ अंश तापमानात टिकतात. विदर्भातील उन्हाळ्यात गावोगाव लस नेता आली, ती यामुळे.

निवड मात्र नव्हती. उपकेंद्रावर त्या दिवशी जी लस आली ती घ्यायची, एवढेच. "गावठी बरी की कंपनीची बरी?" असे एका काकूंनी मला विचारले होते. दोन्ही कंपनीच्याच आहेत हे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले नाही, कारण त्यांना विचारायचे होते ते वेगळेच होते : दोन लशी का, आणि चांगली शहरात ठेवून उरलेली आम्हाला पाठवली नाही ना? पुढे आलेल्या अनेक प्रश्नांचे मूळ या संशयात आहे.

३. गावातील लोकांचा लसीला खरोखर विरोध होता का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने मनात उत्तर आधीच ठरवलेले असते. माझ्या वहीत "नकार" असा एकच रकाना होता. सर्वेक्षणाच्या नमुन्यात तेवढीच सोय होती, म्हणून दार न उघडणारा, "पुढच्या हप्त्यात पाहू" म्हणणारा, शेतावर गेलेला, तापाने फणफणलेला आणि लस म्हणजे मरण असे मानणारा, हे सगळे त्या एका रकान्यात बसले. तालुक्याला आकडा गेला तो "नकार" म्हणून.

वही घरी आणून मी त्या नावांपुढे पेन्सिलने कारणे लिहू लागलो तेव्हा चित्र बदलले. कोणत्याही परिस्थितीत लस घेणार नाही असे ठामपणे सांगणारी माणसे थोडी होती. बहुतेकांचे म्हणणे "आज नको" असे होते आणि त्या "आज"ला कारण होते : सरकी टोबायची आहे, नवरा बाहेरगावी आहे, दोन दिवस ताप आला तर मजुरी बुडेल, शेजारच्या घरात नुकतीच मयत झाली आहे. एका बाईंचे वाक्य मी तसेच लिहून ठेवले आहे : "मले काई झालं त लेकरायले कोन पाहीन?" त्यांच्या नवऱ्याचे आदल्या वर्षी निधन झाले होते आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्या होत्या. अशा बाईने सुईपूर्वी दहा वेळा विचार केला तर त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर लसीच्या माहितीपत्रकात नव्हते. दोन दिवस तिच्या लेकरांना कोण जेवू घालील, हे कोणीतरी सांगायला हवे होते. शेवटी तिच्या नणंदेने ते पत्करले आणि दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी लस घेतली.

४. लोकांना सर्वांत जास्त भीती कशाची वाटत होती?

लसीने मरण येते याची. ही भीती लसीच्या आधीपासूनच दवाखान्याच्या भीतीशी जोडली गेलेली होती. २०२० च्या पावसाळ्यापासून लोकांनी पाहिले होते की, धाप लागलेला माणूस रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला किंवा नागपूरला जातो, घरच्यांना भेटता येत नाही, आणि कधी कधी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह दुरूनच दाखवला जातो. मग घशातून स्वॅब घेणारे आणि सुई टोचणारे एकाच खात्याचे लोक म्हणून एकाच नजरेने पाहिले गेले. पोडावर आमची गाडी दिसताच माणसे मागच्या बाजूने रानात निघून जात. लस घेतली की तपासणी होईल, तपासणीत काही निघाले की उचलून नेतील, असे त्यांना वाटत होते.

त्याखालोखाल तापाची भीती होती. टोचल्यानंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणे हे अपेक्षित असते, कारण शरीराची प्रतिकारयंत्रणा कामाला लागलेली असते. पण त्या वर्षी ताप म्हणजे कोरोना, हे समीकरण आम्हीच वर्षभर भिंतींवर लिहून लोकांच्या मनात बसवले होते. त्यामुळे लसीनंतरचा ताप आला की घर हादरून जाई.

५. लस घेतल्यानंतर माणसे मेली, हे खरे आहे का?

लस घेतल्यानंतर काही माणसे मेली, हे खरे आहे. ती लसीमुळे मेली का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि या दोन वाक्यांतील अंतर समजावून सांगण्यातच आमचे बहुतेक दिवस गेले.

वयस्कर लोकांना लस मार्च-एप्रिल २०२१ मध्ये मिळू लागली आणि नेमकी तेव्हाच दुसरी लाट विदर्भात उसळलेली होती. अमरावती विभागात तर ती फेब्रुवारीतच सुरू झाली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी लागली. म्हणजे लस घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या काही लोकांच्या शरीरात विषाणू आधीच शिरलेला होता. लसीचे संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत आजार आपल्या गतीने वाढतो. पाच दिवसांनी माणूस दगावला की गावाला दोनच गोष्टी दिसत, सुई आणि मरण. मधला विषाणू कोणाला दिसत नसे.

दुसरी बाजूही लपवता कामा नये. लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने जून २०२१ मध्ये ६८ वर्षांच्या एका व्यक्तीचा मृत्यू लसीनंतरच्या तीव्र अॅलर्जीमुळे झाल्याचे मान्य केले. टोचल्यावर अर्धा तास केंद्रात बसवून ठेवत, त्याचे कारण हीच अॅलर्जी होती, कारण ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते आणि इंजेक्शन जवळ असेल तर तिच्यावर उपचार होतो. आमच्याकडे अनेकांना तो अर्धा तास म्हणजे नाहक अडवणूक वाटे, आणि खरे सांगायचे तर तो कशासाठी आहे हे आम्हीही सुरुवातीला कोणाला सांगितले नाही, कारण "अॅलर्जी" हा शब्द काढला तर लोक पळतील अशी आम्हाला धास्ती होती. ती आमची चूक होती. पुढे आशाताईंनी ते स्पष्ट सांगायला सुरुवात केली तेव्हा कोणी पळाले नाही, उलट लोक शांतपणे बसू लागले. रक्ताच्या गुठळ्यांविषयी प्रश्न १५ पाहा.

६. यवतमाळ जिल्ह्यात मुलांना सॅनिटायझर पाजले गेले होते, त्याचा लसीकरणावर परिणाम झाला का?

झाला, आणि तो कोणत्याही अफवेपेक्षा खोल होता, कारण ही घटना खरी होती. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओच्या रविवारी, घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात ठेवावे लागले, ती बरी झाली आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कोरोनाची लस सामान्य माणसासाठी खुली व्हायला तेव्हा चार आठवडे उरले होते.

त्यानंतर कितीतरी घरांत मला विचारले गेले : "गुरुजी, त्या बाटलीत काय हाय हे तुमी सोता पायलं काय?" या प्रश्नाला "विश्वास ठेवा" हे उत्तर नव्हते. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांनी त्यावर एक साधी रीत सुरू केली. लसीची बाटली समोर धरून तिच्यावरचे नाव आणि मुदतीची तारीख त्या मोठ्याने वाचत, रांगेतल्या एखाद्या वाचता येणाऱ्या मुलाकडून पुन्हा वाचून घेत आणि नवी सुई सर्वांसमोर पाकिटातून काढत. प्रत्येक माणसामागे अर्धे मिनिट जास्त लागे. माझ्या मते त्या अर्ध्या मिनिटाने जे केले ते तालुक्याच्या सगळ्या ध्वनिफिती मिळून करू शकल्या नाहीत.

७. लसीने वंध्यत्व येते, ही अफवा कोठून आली?

ही अफवा मोबाईलमधून आली, पण तिला पाय मिळाले ते आठवणीतून. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ दरम्यान, नसबंदीची जी जबरदस्ती झाली ती आमच्या भागातील साठी-सत्तरीच्या माणसांनी तरुणपणी पाहिलेली आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, फक्त त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. सरकारी गाडी, शिबिर, उद्दिष्टाचा आकडा आणि माणसे गोळा करणारे शिक्षक व तलाठी, हे सगळे २०२१ मध्ये पुन्हा तसेच समोर आल्यावर म्हाताऱ्यांना जुने दिवस आठवले, यात नवल नाही. पोलिओच्या थेंबांविषयीही देशात अनेक ठिकाणी हाच संशय होता.

या लशींनी स्त्री किंवा पुरुष यांची अपत्यक्षमता जाते असा कोणताही पुरावा मिळालेला नाही. मासिक पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नये, हा संदेशही चुकीचा होता आणि सरकारने तो एप्रिल २०२१ मध्येच खोडून काढला. काही स्त्रियांची त्या महिन्यातील पाळी थोडी मागेपुढे झाली, हे मात्र नंतरच्या अभ्यासांत दिसले. फरक सरासरी एखाद्या दिवसाचा आणि तात्पुरता होता. बाया हे आधीपासून आशाताईंच्या कानात सांगत होत्या आणि त्यांना "मनाचे खेळ" असे उत्तर मिळत होते. एका खऱ्या लहान गोष्टीला खोटे ठरवले की मोठ्या खोट्या गोष्टीला बळ मिळते, असा माझा अनुभव आहे.

८. दोन वर्षांत सगळे मरतील, अंगाला नाणी चिकटतात, असे व्हिडिओ यायचे. ते काय होते?

पहिला संदेश नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेंच शास्त्रज्ञ ल्यूक मोंतान्ये यांच्या नावाने फिरत होता. लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरतील असे विधान त्यांनी केलेले नव्हते आणि मे २०२१ मध्ये सरकारने तसे जाहीरही केले. ती दोन वर्षे उलटून बराच काळ झाला आहे. नाणी आणि चमचे अंगाला चिकटल्याचा दावा जून २०२१ मध्ये नाशिकहून पसरला. घामाने ओलसर झालेल्या कातडीला हलकी, गुळगुळीत वस्तू चिकटते, लस घेतलेली असो वा नसो. शाळेच्या ओट्यावर मुलांनी हा प्रयोग पावडर लावून आणि पावडर न लावता करून दाखवला, तेव्हा तो विषय आमच्या गावापुरता तेथेच संपला.

९. एकीकडे लोक लस नको म्हणत होते आणि दुसरीकडे लस मिळत नव्हती, हे एकाच वेळी कसे?

एकाच वेळी होते, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी बंधनकारक होती. ज्या पोडावर एका टेकडावर चढल्याशिवाय मोबाईलला रेंज येत नाही, तेथील तरुणाने क्षणात भरणारा स्लॉट पकडायचा कसा? शहरातील तरुण स्लॉट घेऊन चारचाकीने आमच्या आरोग्य केंद्रात येत, लस घेत आणि परत जात. त्यांचा दोष नव्हता, त्यांनाही जीव प्यारा होता. पण गावातील माणसे कुंपणाबाहेर उभी राहून ते पाहत होती आणि "ही लस आपल्यासाठी नाही" असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी काढला.

त्यातच साठा अपुरा पडल्याने महाराष्ट्राने मे महिन्याच्या मध्यास या वयोगटाचे लसीकरण थांबवले आणि उपलब्ध लस ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली. २१ जून २०२१ पासून केंद्राने १८ वर्षांवरील सर्वांना मोफत लस देण्याची जबाबदारी घेतली आणि केंद्रावर येऊन नोंदणी करण्याची सोय सगळीकडे झाली, तोपर्यंत मृग निघून गेला होता आणि माणसे पेरणीत गुंतली होती.

१०. आमच्या आजी-आजोबांनी देवीची लस घेतली होती. मग त्यांनाच या लसीची भीती का वाटली?

देवीची लसही लोकांनी सहज घेतलेली नव्हती, हे त्याचे पहिले उत्तर आहे. देवी हा आजार म्हणजे मातेचा कोप मानला जाई आणि टोचणारा गावात आला की लेकरे कणगीत लपवल्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. प्लेगच्या लसीची कथा तर जास्त कटू आहे. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत ती तयार केली, परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि ते निर्दोष असल्याचे मान्य व्हायला वर्षे लागली. भीतीला इतिहास असतो, तो असा.

पण देवी गेली. भारतातील शेवटचे रुग्ण १९७५ मधले आहेत. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आहे आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. एका आजीशी मी बराच वेळ बोलत होतो आणि त्या ऐकत नव्हत्या. शेवटी मी त्यांना विचारले की, तुमच्या दंडावरचा हा वण कशाचा? त्यांनी लुगड्याचा पदर बाजूला करून तो रुपयाएवढा खोलगट वण स्वतःच चाचपला आणि म्हणाल्या, "हे त देवी टोचल्याचं. माया भावाले नोयतं टोचलं, तो गेला." पुढे बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्यांनी त्या दिवशी लस घेतली नाही, चार दिवसांनी घेतली. मीही त्यांना घाई केली नाही.

११. मेळघाट, गडचिरोली आणि कोलाम पोडांवर वेगळे काय होते?

भाषा, अंतर आणि विश्वासाची माणसे. मेळघाटात धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया आणि आमच्याकडे कोलामी बोलली जाते. मराठी फलक तेथील अनेक म्हाताऱ्यांसाठी केवळ रंगीत कागद असतो. आजार झाला की मेळघाटात आधी भूमकाकडे (गावातील पारंपरिक वैदूकडे) आणि गडचिरोलीत पुजाऱ्याकडे जाण्याची रीत आहे, आणि जेथे या माणसांना बाजूला सारले तेथे काम अडले.

आमच्या पोडावर आम्ही तीन वेळा जाऊन रिकाम्या हातांनी परत आलो. चौथ्या वेळी पोडाच्या नाईकांकडे, म्हणजे वस्तीच्या प्रमुखांकडे, फक्त बसायला गेलो. लसीचा डबा नेला नाही. त्यांनी विचारले की, लस घेऊन कोणाला काही झाले तर रात्री कोण येईल? आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते, कारण तेथपासून आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर आहे आणि शेवटचे तीन किलोमीटर पायवाट आहे. अखेर आशाताईंनी त्या रात्री पोडावरच मुक्काम करायचे ठरवले. तापाच्या गोळ्या, पाण्याचा हंडा आणि टॉर्च घेऊन त्या एका ओसरीत राहिल्या. नाईकांनी पहिली सुई घेतली, त्यांच्या पाठोपाठ त्या सकाळी २२ जणांनी घेतली. पहाटे दोघांना ताप आला, गोळी दिली, सकाळी उतरला. पुढच्या फेरीला लोक आमची वाट पाहत बसलेले होते.

१२. पहिला डोस घेतलेल्यांनी दुसरा का घेतला नाही?

कारणे तीन. पहिले, अंतर सतत बदलले : कोविशिल्डच्या दोन डोसांत सुरुवातीला चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ आणि १३ मे २०२१ पासून १२ ते १६ आठवडे. कोव्हॅक्सिनचे मात्र चार ते सहा आठवडेच राहिले. यामागे अभ्यासाचे कारण होते, पण "दवाखान्यालाच नक्की ठाऊक नाही" असा त्याचा अर्थ गावात लागला. दुसरे, लाट ओसरली आणि भीतीही ओसरली. तिसरे, कापूस.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात विदर्भातील बाई सकाळी ओटीला फडके बांधून वेचणीला जाते ती दिवस मावळता परत येते, आणि लसीकरणाचे सत्र दहा ते पाच. त्यात बाटलीत दहा डोस असतात आणि ती उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते, म्हणून पुरेशी माणसे जमेपर्यंत सिस्टर बाटली उघडायला कचरत. एके दिवशी शाळेच्या व्हरांड्यात निळ्या डब्याभोवती नऊ बाया बसल्या होत्या. दहावी येईना. अकरा वाजले तशी एकेक उठू लागली आणि साडेअकराला व्हरांडा रिकामा झाला. "नऊ जणींना दुसरा डोस नको होता" असे त्या दिवसाच्या नोंदीवरून कोणालाही वाटेल. ऑक्टोबरमधील मिशन कवच कुंडल आणि नोव्हेंबरपासूनच्या हर घर दस्तक मोहिमेत संध्याकाळी व शेताच्या बांधावर लस देणे सुरू झाल्यावर त्यातल्या बहुतेकींनी ती घेतली.

१३. मोहाची दारू घेणाऱ्याला लस चालत नाही, असे सांगितले जायचे. ते खरे का?

नाही. दारूमुळे लसीचा परिणाम जातो असा पुरावा नाही, असे आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केले होते. लसीनंतर ताप असताना दारू पिऊ नये, हा साधा शहाणपणा आहे, परंतु "महिनाभर बंद" असे जेथे सांगितले गेले तेथे पुरुषांची रांगच नाहीशी झाली.

१४. गरोदर बाया आणि सिकलसेलचे रुग्ण यांचे काय?

गरोदर स्त्रियांना सुरुवातीला लस दिली जात नव्हती, कारण त्यांच्यावरील चाचण्यांची पुरेशी माहिती नव्हती. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै २०२१ पासून परवानगी मिळाली. "काल नको म्हणत होते, आज घ्या म्हणतात" ही तक्रार रास्त होती. माहिती वाढली म्हणून सल्ला बदलला, हे कोणीतरी बसून सांगायला हवे होते आणि ते फारसे झाले नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न विदर्भाच्या जिव्हाळ्याचा आहे. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयोगटात ज्या आजारांना प्राधान्य मिळाले त्यांत सिकलसेल होता. पण आमच्याकडील सिकलसेलचे रुग्ण बहुतांशी तरुण किंवा मुले असतात, त्यामुळे या प्राधान्याचा उपयोग मोजक्यांनाच झाला. सिकलसेल असणे हे लस नाकारण्याचे कारण नव्हते. फक्त ताप आणि शरीरातील पाणी कमी होणे यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाने लसीनंतर भरपूर पाणी प्यावे, नेहमीची औषधे चालू ठेवावीत, उन्हातील काम टाळावे आणि ताप किंवा हाडांचे दुखणे वाढल्यास लगेच दवाखाना गाठावा. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे आजाराचे जनुक असूनही स्वतःला आजार नसलेल्या व्यक्तीला यातील वेगळे काही करण्याची गरज नव्हती.

१५. २०२४ मध्ये कोविशिल्डने रक्ताच्या गुठळ्या होतात अशी बातमी आली. म्हणजे लोकांची भीती खरी होती का?

एप्रिल-मे २०२४ मध्ये हा प्रश्न मला एका आठवड्यात जितक्या वेळा आला तितका दुसरा कोणताच आला नाही. अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केले की, फार क्वचित प्रसंगी या लसीमुळे गुठळ्या होऊन रक्तातील प्लेटलेट कमी होतात. ही माहिती नवी नव्हती. भारताच्या समितीने मे २०२१ मध्येच ४९८ गंभीर घटना तपासून त्यांतील २६ अशा असाव्यात असे जाहीर केले होते आणि हे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ सांगितले होते. त्याच वेळी ब्रिटनचे प्रमाण ४ आणि जर्मनीचे १० दिले होते. आपला आकडा लहान दिसण्यात खेड्यांतील घटना नोंदवल्या न जाण्याचाही वाटा असू शकतो, असे मला वाटते.

हा परिणाम लसीनंतर बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. २०२१ मध्ये लस घेतलेल्या माणसाला आता काही वर्षांनी आलेल्या हृदयविकाराचे कारण त्यात शोधता येत नाही. दुःख याचे आहे की, २०२१ चे ते पत्रक गावापर्यंत कधी पोचले नाही. "दहा लाखांत एखाद्याला असे होऊ शकते, पण कोरोनाने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे" हे वाक्य शेतकऱ्याला समजले असते. दरवर्षी पावसाच्या भरवशावर पेरणारा माणूस जोखीम तोलायला आपल्यापेक्षा जास्त जाणतो.

१६. लस घेऊनही कोरोना झाला. मग उपयोग काय?

लसीचे मुख्य काम गंभीर आजार आणि मृत्यू टाळणे हे होते. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत लक्षणांसह होणाऱ्या आजारापासून ७७.८ टक्के आणि गंभीर आजारापासून ९३.४ टक्के संरक्षण दिसले. सुरुवातीला आम्हीच "लस घ्या, कोरोना टाळा" असे रंगवले होते, त्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने लस घेतलेले लोक आजारी पडले तेव्हा ते वाक्य आमच्यावर उलटले.

१७. लस नाही तर रेशन नाही, असे सांगता येत होते का?

सांगितले गेले, एवढे मात्र खरे. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा आदेशच निघाला होता, आणि आमच्याकडेही तोंडी धमक्या कमी नव्हत्या. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लस सक्तीची नसल्याचे सांगितले. २ मे २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, परंतु ते प्रमाणात असले पाहिजेत.

रेशनच्या धाकाने रांगा वाढल्या, हे मी पाहिले आहे. त्याच धाकाने एका कुटुंबाने महिनाभर धान्य उचलले नाही, हेही पाहिले आहे. त्या घरात दोन लहान मुली होत्या.

१८. लस न घेताच मोबाईलवर प्रमाणपत्र आले. असे कसे झाले?

उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत चुकीच्या नोंदी झाल्या, एकाच मोबाईल क्रमांकावर घरातील चौघांची नावे असल्याने गोंधळ झाला, आणि काही ठिकाणी आकडा भरून काढला गेला. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या दुसऱ्या डोसचा संदेश ते घरी खाटेवर पडून असताना आला. मी केंद्रावर जाऊन तक्रार केली तेव्हा "आता सिस्टीममध्ये चढले आहे" असे उत्तर मिळाले आणि पुढे दोन आठवडे खेटे घातल्यावर त्यांना प्रत्यक्ष डोस मिळाला. ज्यांचा मुलगा शिक्षक नव्हता त्यांचे काय झाले असेल, हा विचार मला सोडत नाही. कोणत्याही गावाच्या शंभर टक्के लसीकरणाचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावे.

१९. पुन्हा एखादी नवी लस आली तर घरच्या म्हाताऱ्या माणसांशी कसे बोलावे?

फोनवरून समजावू नका. पुण्याहून मुलाने पाठवलेले दहा व्हिडिओ आणि शेजाऱ्याने पाठवलेले दहा व्हिडिओ त्यांच्यासाठी सारखेच असतात. आधी त्यांनी काय ऐकले आहे ते विचारा आणि मध्ये न बोलता पूर्ण ऐका. त्यांच्या बोलण्यातील जेवढे खरे असेल तेवढे आधी मान्य करा. प्रश्न ५, ६ आणि ७ मधील अनुभव त्यासाठीच सविस्तर लिहिले आहेत. जे आपल्याला ठाऊक नसेल ते सिस्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगा. वेचणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत तारीख ठरवू नका. लस घेतील त्या रात्री शक्य असेल तर स्वतः घरी राहा, आणि नसेल तर कोण राहणार ते नावाने ठरवून त्या माणसाशी आधी बोलून घ्या. तापाची गोळी आणून ठेवा आणि आशाताईंचा फोन नंबर दाराजवळच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.